मुक्याचं पाणी

श्रावणातला सोमवार आणि बाहेर वैशाखातलं ऊन, असं झालं की माझं डोकं फिरतं. घरातले म्हणतात, बाईंना वयोमानानं ऊन सोसत नाही. त्यांचा तसा समज असलेला बरा. यंदा पुन्हा तसाच सोमवार उजाडला. सकाळी गच्चीवर गेले, तर पाटोद्याच्या घरांपलीकडे बालाघाटाची रांग करपलेल्या भाकरीसारखी काळीतांबूस पसरलेली. त्या रांगेतल्या एका डोंगराच्या टोकाला पांढरा ठिपका दिसतो. तो आमच्या गावचा महादेव. माथ्याचा महादेव म्हणतात त्याला. मोठ्या देवस्थानांत त्याची गणती नाही, पण शिरूर कासारपासून चौसाळ्यापर्यंतची माणसं श्रावणात त्याच्यासाठी डोंगर चढतात. उपाशीपोटी, अनवाणी, हातात बेलाची डहाळी घेऊन. मीही चढत होते. आता गुडघे चढू देत नाहीत, आणि खरं सांगायचं तर गुडघे धड असते तरी गेले नसते.

मी गच्चीवर असतानाच सरपंचाचा फोन आला. माझ्याच हाताखाली शिकलेला, त्यामुळे अजून दबकून बोलतो.

“बाई, आज देव कोंडतोय आपण. कारखान्याचा टँकर मिळालाय. खालून वरपर्यंत पाइप टाकलाय, मोटार लावली की अर्ध्या तासात पिंड बुडती बघा. तुमी या की, जीप पाठवतो.”

“गावात प्यायला पाणी आहे का रे?”

“येतंय की, दोन दिसाआड.”

“मग ते कोंडून ठेव.”

तो हसला. बाईंची जीभच तशी, म्हणून त्यानं सोडून दिलं असेल. मग हळूच म्हणाला, “अन् बाई, झऱ्यापाशी बोर्ड लावायचाय. त्या झऱ्याचं तुमच्याइतकं आता कुणाला ठावं न्हाई. चार वळी लिवून द्या की.”

मी बघते म्हणाले आणि फोन ठेवला. दिवसभर मग कुठल्याच कामात मन लागलं नाही.

देव कोंडणं म्हणजे काय हे परक्या माणसाला सांगताना मला लाज वाटते आणि थोडा अभिमानही वाटतो. पावसानं दडी मारली की आमच्याकडे थेट देवालाच धारेवर धरतात. गाभाऱ्यातलं पाणी बाहेर जायची मोरी चिंध्या आणि चिकणमाती कोंबून बुजवायची आणि खालून पाणी आणून गाभारा भरत राहायचा. पिंड पूर्ण बुडाली पाहिजे. देवाचा जीव गुदमरला की तो पाऊस सोडतो अशी समजूत. पाऊस पडेपर्यंत मोरी उघडायची नाही. आणि हे पाणी आणायचं ते मुक्यानं. नदीत भरलेली घागर डोक्यावर आली की ती गाभाऱ्यात ओतेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. वाटेत ठेच लागली, काटा मोडला, कुणी हाक मारली, तरी नाही. तोंडून शब्द गेलाच तर घागर तिथंच उपडी करायची आणि पुन्हा नदी गाठायची. म्हणून ते मुक्याचं पाणी. बायकांना गप्प बसवायची सोय पुरुषांनी देवाच्या नावावर करून घेतली आहे, असं मी एकदा आमच्या कीर्तनकारबुवांना म्हटलं होतं. ते रागावून चहा न घेता गेले.

माझ्या आठवणीतला श्रावण मिलोच्या सालातला, म्हणजे बहात्तरचा. त्या दुष्काळाला आमच्याकडे अजून तेच नाव आहे. रेशनवर मिलो, म्हणजे परदेशातली लाल ज्वारी, यायचा. त्याची भाकरी चावता चावता गाल दुखायचे आणि खाऊन झाल्यावरही पोट काही खाल्ल्याचं कबूल करायचं नाही. मी तेव्हा सातवीतून घरी बसलेली, चौदा-पंधराची. डोंगरावर एरवी श्रावणात सीताफळीची पानं इतकी दाट असत की वाट शोधावी लागे. त्या साली नुसत्या काड्या. तरवडसुद्धा फुललं नव्हतं, आणि तरवड हे झाड असं आहे की त्याला कुणी काही दिलं नाही तरी ते फुलतं. विहिरींच्या तळाला भेगा होत्या. नदीच्या वाळूत माणूसभर खड्डा खणायचा, त्याच्या तळाशी पाणी पाझरून येई, ते वाटीनं घागरीत भरायचं. वाटी वाळूला घासली की खर्र आवाज व्हायचा. पहाटेपासून बायकांची रांग आणि तो खर्र खर्र आवाज. आजही माझी सून कढई खरवडायला लागली की मी स्वयंपाकघरातून उठून जाते. तिला वाटतं, सासूला तिच्या हातचं आवडत नाही.

बौद्धवाड्याचा खड्डा वेगळा होता, नदीच्या खालच्या अंगाला. ती माणसं धर्म बदलल्यापासून डोंगर चढत नव्हती. गावातले लोक त्यावरून त्यांना टोमणे मारायचे. पण त्यांचं पाणी निदान त्यांच्या चुलीपाशी पोचत होतं. आमचं डोक्यावरून डोंगरावर निघालं होतं.

घरात आम्ही चौघं. आबा म्हणजे माझे वडील, माय, मी आणि माहेरपणाला आलेली माझी थोरली बहीण, शांताअक्का. अक्काला दिवस गेलेले होते. तिच्या सासरची माणसं ऊसतोडीला जाणारी, आम्हीही जाणारे. दसरा झाला की तिकडं खाली, पाण्याच्या मुलखात, सहकारी साखर कारखान्यांची धुराडी पेटायची आणि आमच्या गावाच्या चुली विझायच्या. आदल्या सालच्या हंगामात अक्काचं पहिलं बाळंतपण उसाच्या फडातच झालं होतं. पाचट पसरून तिला निजवलं, चार बायकांनी लुगड्यांचा आडोसा धरला, आणि लेकरू रडलंच नाही. बांधाच्या कडेला माती उकरून त्याला ठेवलं आणि दुपारनंतर अक्का पुन्हा मोळ्या बांधायला बसली. त्या दिवसापासून मायच्या मनात एकच गोष्ट होती. या खेपेला अक्का घरात बाळंत झाली पाहिजे, आपल्या छपराखाली. मायनं दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

आता कुणी विचारील, आबांनी एकट्यानं जावं आणि बायकांनी मागं राहावं, त्यात काय अडचण? अडचण अशी की ऊसतोडीत एका माणसाला कुणी घेत नाही. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. तो तोडतो, ती मोळी बांधते. बायको नसेल तर टोळी जमवणारा मुकादम दारातही उभं करत नाही. म्हणजे आबा गेले की माय जाणार, माय गेली की घराला कुलूप, आणि अक्का भरल्या पोटी सासरच्यांबरोबर पुन्हा त्याच फडात. आबांना लेकीची माया कमी होती असं नाही. पण सरकारी कामावर खडी फोडायला जावं तर काम आठवडाभर चालू, आठवडाभर बंद. त्यांना कारखान्याचा भरवसा वाटायचा. मायला मात्र पाऊस हवा होता. पाऊस पडला तर ज्वारी पेरता येईल, ज्वारी पेरली तर आबा रानात गुंततील आणि अक्का घरात राहील. इतकं साधं गणित होतं ते. म्हणून गावानं देव कोंडायचं ठरवलं तेव्हा पहिली घागर मायची होती.

ते दिवस आठवले की आधी पायांना आठवतात. खडकाचा चटका, मग मुरमाड माती, मग पुन्हा खडक. चुंबळीतून पाझरून कानामागून मानेवर येणारा घागरीचा ओलावा. तेवढाच गारवा. अख्खं गाव एका रांगेत डोंगर चढत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. एरवी आमच्या बायका एकत्र आल्या की दोन रानांपलीकडे ऐकू जातं. त्या रांगेत फक्त धापा, बांगड्या आणि घागरीत डुचमळणारं पाणी. वर गुरव गाभाऱ्याच्या दाराशी उभा राहून हातातली घागर घ्यायचा. त्याच्या हाती घागर दिली की बाई पहिला शब्द बोलायची, “पाव रे बाबा.” प्रत्येकीचा पहिला शब्द तोच. अंधाऱ्या गाभाऱ्यात पाणी चढत होतं, त्यावर बेलाची पानं, हळदकुंकू, कुणी घातलेलं वाटीभर दूध, सगळं तरंगत होतं. पिंड बुडाली त्या संध्याकाळी लोक गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर कपाळ टेकून रडले. मीही रडले. देव पाण्याखाली दिसेनासा झाला याचं मला फार वाईट वाटलं होतं.

पाऊस आला नाही. चार-दोन दिवसांनी एक धनगर ओरडत गावात आला. देवळाच्या पाठीमागं, पाऊण डोंगर उतरल्यावर एक उंबर आहे, त्याच्या मुळाशी कपारीतून पाणी येत होतं. करंगळीएवढी धार. सगळं गाव पळत गेलं. ज्या डोंगरावर गवताची काडी नव्हती, तिथं खडकातून पाणी! आबांनी डोक्याचा पटका काढून त्या पाण्यात भिजवला आणि डोळ्यांना लावला. “डोंगर फुटला,” ते म्हणाले. “म्हादेवानं डोंगर फोडला बे!” आबांना असं लहान मुलासारखं मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

माय पुढं झाली. तिनं ओंजळीत पाणी घेतलं, तोंडापाशी नेलं आणि थबकली. ओंजळ तशीच खाली सोडली. मला वाटलं, तिला भरून आलं. तिच्या बोटांना पिवळसर डाग होता.

तो झरा नव्हता. गाभाऱ्याच्या भिंतीत कुठंतरी सांधा फुटला होता आणि आम्ही वर ओतलेलं पाणी खडकातून वाट काढत खाली येत होतं. आमचंच पाणी, आमच्याच डोक्यावरून गेलेलं, हळदीसकट आणि नासलेल्या दुधाच्या वासासकट. त्या वासाला लोक देवाचा वास म्हणत होते. इतक्या माणसांतून एकालाही शंका आली नाही याचं शिकलेल्या लोकांना हसू येईल. मला येत नाही. पाणी संपलेल्या गावाला खडकातून पाणी येताना दिसलं तर ते हिशोब करत बसत नाही.

बातमी पसरली. पाटोद्याहून, शिरूरकडून, चौसाळ्याच्या बाजूनं माणसं यायला लागली. डोंगराच्या पायथ्याला नारळाची दुकानं लागली, दुष्काळात भाविकांना साखरफुटाणे विकून दोन घरं जगली. लोक झऱ्याचं तीर्थ बाटलीतून घरी न्यायचे. घेतल्यावर कुणाला हगवण लागली तर पापं धुऊन निघाली असं म्हणायचे. खरंच म्हणायचे, थट्टा नाही.

आणि भाद्रपदात मुकादम आला. तो आमच्या ओट्यावर बसला, मायनं त्याला घोटभर काळा चहा दिला. तो म्हणाला, “मग यंदाबी एक कोयता ना, पाटील?” आम्ही काही पाटील नव्हतो, पण टोळी भरेपर्यंत मुकादमाला सगळे पाटीलच.

आबा म्हणाले, “यंदा न्हाई.”

“कावून?”

“देवानं डोंगर फोडलाय. पाण्याची सुरुवात झाली. आता पाऊस लांब न्हाई. अशा वक्ताला देवाकडं पाठ फिरवून कुठं जावं?”

मुकादमानं पुष्कळ समजावलं. कारखान्यानं यंदा कोप्यांसाठी, म्हणजे फडावरच्या झोपड्यांसाठी, बांबू द्यायचं कबूल केलंय म्हणाला. आबा हलले नाहीत. माय आत चुलीपुढं बसली होती. तिनं पदर तोंडात धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. अक्कानं मला खुणेनं विचारलं, काय झालं? मी खुणेनंच सांगितलं, आपण राहतोय. अक्कानं दोन्ही हात पोटावर ठेवले आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. त्या घरातला माझ्या आठवणीतला सगळ्यात सुखाचा क्षण तो.

गावातल्या सोसायटीच्या इमारतीवर तेव्हा ‘सहकारी’ हा शब्द निळ्या रंगानं लिहिलेला होता. आत रिकामी पोती होती आणि त्यांवर एक मांजर व्यालेलं होतं. पुढं पुन्हा शिकून मास्तरीण झाले, तेव्हा शाळेत सहकार हा धडा शिकवताना मला ते मांजर आठवायचं. पोरांना सांगायचे, की लोक एकत्र आले, ऊस पिकवला, कारखाने काढले, मुलूख बदलला. खोटं नाही ते. तिकडं बदललाच. तिकडचा ऊस पाटाच्या पाण्यात उभा राहायचा आणि तो तोडायला ज्यांच्या रानात प्यायला पाणी नाही अशी माणसं इकडून गाड्या भरभरून जायची. एवढंच धड्यात नव्हतं, आणि मी मास्तरीण असून ते धड्यात घातलं नाही, कारण समोर बसलेल्या निम्म्या पोरांचे आईबाप त्याच गाड्यांतून गेलेले असत.

झरा लागल्यावर लोकांनी पाणी वाहणं सोडलं. देव पावला, आता कशाला? मायनं सोडलं नाही. पाऊस पडेपर्यंत नेमानं पाणी घालीन असा माझा नवस आहे, असं तिनं सांगितलं. लोक तिला मानायला लागले. ती पहाटे नदीच्या खड्ड्यात उतरायची, वाटीनं खरवडून घागर भरायची आणि निघायची. एक खेप, दुसरी खेप, कधी तिसरी. बऱ्याचदा मीही बरोबर असे. घरात प्यायला तांब्याभरच उरायचं. आंघोळ आम्ही विसरलो होतो. मायच्या टाळूवरचे केस चुंबळीखाली झिजून गेले. पिंड तर केव्हाच उघडी पडली होती, इतक्या पाण्यात ती बुडणार कशी? पण पाणी त्या फुटक्या सांध्याच्या वर राहील एवढं माय ओतत होती. गुरवाला हे दिसत असलंच पाहिजे. तो काही बोलला नाही. त्याचीही पोरं झऱ्यावरच्या नारळावर जगत होती.

मला कळलं ते माय तापानं पडली तेव्हा. ती फणफणली होती, दोन दिवस उठू शकली नाही. दुसऱ्या संध्याकाळी आबा कामावरून आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं. “झऱ्याची धार गेली,” म्हणाले. “आपलं काय चुकलं म्हनावं?” माय अंथरुणातून उठून बसली. आबा बाहेर गेल्यावर तिनं माझा हात धरला. तिचा हात चुलीतल्या लाकडासारखा तापलेला होता.

“सुमे, उठ. जा. दोन खेपा टाक.”

“आता? मायऽ, झराच आटला तर...”

“म्हनूनच जा. तू वतलं की यील.”

“तुला कसं ठावं?” मी विचारलं. ती म्हणाली, “पयल्या दिवशीच कळलंतं मला. वास आल्ता. कुनाला बोलू नको. आबाला तर मुळीच न्हाई. दिवाळीपतूर गाड्या येत राहतेत, आबा एका दिसात मन फिरवंल. अक्का मोकळी हू दे. मंग आटू दे मेला डोंगर.”

मी गेले. दुसऱ्या दिवशी धार पुन्हा आली आणि आबांनी झऱ्यापुढं लोटांगण घातलं. मायचा मला तेव्हा राग आला, भीतीही वाटली, आणि तिच्याइतकं शहाणं जगात कुणी नाही असंही वाटलं. हे सगळं एकाच वेळी वाटू शकतं हे मला त्या वयात माहीत नव्हतं. डोक्यावर घागर असताना बोलायचं नसतं याची त्या दिवसांत मला फार मदत झाली. वाटेत भेटणारे भाविक मायच्या पाया पडायचे आणि ती मुक्यानं पुढं जायची.

दसरा झाला. गाड्या भरून गेल्या. गाव अर्ध्याहून जास्त रिकामं झालं, कुत्रीसुद्धा गाड्यांमागं पळत गेली आणि रस्त्यावरून परत आली. अक्काला आठवा सरत आलेला. तिचा चेहरा सुजला होता, ओठ फाटले होते. वाट्याला येणारं पाणी कमी, त्यात ऊन. आसपासच्या गावांतल्या पोटुशा बायकांना त्यांच्या सासवा मुद्दाम झऱ्याचं तीर्थ आणून पाजत होत्या. अक्कालाही ते हवं होतं. इतकं जवळ, आणि तिलाच नाही.

“माय, मला झऱ्याचं पाणी दी की गं. समद्या पितेत.”

“न्हाई. तुला थंड बाधंल.”

“देवाचं पाणी कसं बाधंल? घागरी घागरी तू देवाला वाहतीस अन् माझ्या लेकराला त्याचा घोटभर न्हाई?”

आपल्या वाटणीचं वाळूतलं पाणी माय अक्काच्या तांब्यात ओतायची. अक्का ते प्यायची, पण तिचे डोळे भरलेले असत. आपली आई आपल्यापेक्षा देवावर जास्त माया करते, असं तिला वाटत होतं. तिनं मला तसं बोलूनही दाखवलं.

त्या दिवशी आम्ही दोघी दुसऱ्या खेपेला वर गेलो होतो. घागर ओतून, “पाव रे बाबा” म्हणून खाली उतरलो. घरी आलो तर अक्का दारात बसलेली, केस विंचरलेले, चेहऱ्यावर हसू. शेजारी आबांचा पितळी तांब्या. आबा कामावरून लवकर सुटून वाट वाकडी करून झऱ्यावर गेले होते आणि लेकीसाठी तांब्या भरून घेऊन आले होते.

“आबांनी आनलं,” अक्का म्हणाली. “लई गार हाय गं. समदं पेले मी.”

माय तिच्यापुढं मटकन बसली. तिनं अक्काची हनुवटी धरली आणि आपली बोटं तिच्या तोंडात घातली. “वक. समदं वक.” अक्का आधी हसली, मग घाबरली, मग ओकाऱ्या देत रडायला लागली. आबा आतून धावत आले आणि त्यांनी मायला मागं ओढलं.

“येडी झालीस काय? देवाचं पाणी हाय ते!”

मायनं आबांकडं पाहिलं. तिचे ओठ हलले. तेवढ्या क्षणात ती सगळं सांगून टाकील असं मला वाटलं. आबांच्या हातात अजून तो तांब्या होता, त्यांनी तो घासून लख्ख केलेला होता. मायनं तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी अक्काला उलट्या आणि हगवण लागली. पाटोद्याच्या दवाखान्यात न्यायला बैलगाडी होती, बैल नव्हते, ते जनावरांच्या सरकारी छावणीत होते. आबा बैल आणायला धावले. इकडं अक्काला कळा सुरू झाल्या. बौद्धवाड्यातली गयाकाकू सुईण होती, ती आपल्या घरची भरलेली घागर कमरेवर घेऊन आली, कारण आमच्या घरात धुवायलाही पाणी नव्हतं. लेकरू झालं. छपराखाली झालं. ते रडलं नाही. अक्का संध्याकाळपर्यंत होती. तिनं पाणी मागितलं तेव्हा मायनं गयाकाकूच्या घागरीतलं पाजलं आणि ते पोटात ठरलं नाही. आबा बैल घेऊन आले, तेव्हा गाडी जुंपायचं काही कारण उरलं नव्हतं.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आबा एकच सांगत होते. ओट्यावर गुडघ्यांत डोकं घालून बसायचे आणि कुणी आलं की मान वर करायचे. “जाता जाता देवाचं पाणी पिऊन गेली माझी लेक. मी माझ्या हातानं पाजलं. तेवढंच समाधान.” येणारे मान हलवायचे, भाग्यवान म्हणायचे. माय आत असायची. तिला ते प्रत्येक वेळी ऐकू यायचं. आबांचं हे सांगणं पुढं वर्षानुवर्षं चाललं आणि त्यांच्या तोंडी ते इतकं गुळगुळीत झालं की त्यांना ते सांगताना रडूही येईनासं झालं. त्या बिचाऱ्यांजवळ त्याखेरीज काही नव्हतं. मी कित्येकदा चिडले, कित्येकदा ओठांवर आलं. पण काय बोलणार होते मी? ज्या घागरींनी अक्काला घरात ठेवलं त्याच घागरींनी तिला नेलं, हे ऐकून कुणाचं काय भलं होणार होतं? देव म्हणून जर कुणी असेल तर त्यानं याचा जाब द्यायला हवा असं मला आजही वाटतं. मी चार ओळी लिहून द्यायला बसले तर हेच लिहीन, म्हणून मी लिहिणार नाही.

अक्काचं तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तर माय अंथरुणात नव्हती. मी नदीकडं गेले. वाळूतल्या खड्ड्यात ती वाकून बसली होती आणि वाटीनं तळ खरवडत होती. शेजारी घागर अर्धी भरलेली. रांगेत दुसरं कुणीच नव्हतं.

“माय, आता कशाला? आता कुनासाठी वततीस?”

ती वाटी भरत राहिली. घागर भरली, तिनं पदराची चुंबळ करून डोक्यावर बसवली. मग घागर उचलण्याआधी माझ्याकडं बघून म्हणाली, “मी थांबले अन् झरा पुन्हा आटला तर तुझ्या आबाला कळंल, लेकीला त्यानं काय पाजलं ते.”

आणि तिनं घागर डोक्यावर घेतली.